गुण औषधाचा की घेणाऱ्याचा?

दंडावरचा पट्टा आवळतो, हवा सुटते, आकडा येतो: १६८ वर ९८. डॉक्टर फाईलचं मागचं पान उलटतात. गेल्या खेपेलाही जवळपास हेच होतं.

"काका, गोळ्या रोज घेताय ना?"

"घेतो की."

"रोज?"

"हो, म्हणजे... रोजच."

त्या 'म्हणजे'नंतर काका जरा थांबतात. त्या थांबण्यात बरंच काही असतं, पण बाहेर वीस माणसं खोळंबलेली असतात. डॉक्टर गोळीचा डोस वाढवतात. पुढच्या खेपेला दुसरी गोळी जोडतात, त्याच्या पुढच्या खेपेला तिसरी. मग कधीतरी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी काका भरती होतात. वॉर्डातली सिस्टर कागदावर लिहिल्याप्रमाणे तिन्ही गोळ्या वेळेवर हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. दुसऱ्या दिवशी बाथरूमला जायला उठलेले काका डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन खाली बसतात. बीपी ९२ वर ५८.

काका मी मनाने उभे केले आहेत, पण वॉर्डात काही वर्षं काढलेल्या डॉक्टरला ते नक्की ओळखीचे वाटतील. इथे निदान बरोबर होतं आणि औषधही पुरेसं जोरकस होतं. कागदावरचं औषध आणि पोटातलं औषध यांची फारकत झाली होती, आणि डॉक्टर डोस ठरवत होते कागदावरचं बघून.

वैद्यकीय सल्ला पाळण्याने तब्येतीवर किती फरक पडतो, या प्रश्नाचं उत्तर वरवर सोपं वाटतं: पाळला तर बरं, नाही पाळला तर वाईट. खोलात गेलं की त्यात एक चमत्कारिक गाठ सापडते. लेखाचा मोठा भाग त्या गाठीसाठीच आहे, पण तिथवर पोचण्याआधी थोडी तयारी लागेल.

किती घेतली, हे कळायचं कसं?

हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक लेखनातही वैद्याला बजावलं आहे की औषध घेतल्याबद्दल रुग्ण अनेकदा खोटं सांगतात, तेव्हा लक्ष असू दे. दुखणं जुनंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली त्यावर मोठा अहवाल काढला. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतसुद्धा सरासरी ५० टक्केच भरतं, असं त्यात नोंदवलं होतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जवळजवळ दोन लाख इलेक्ट्रॉनिक चिठ्ठ्या तपासल्या गेल्या. नव्याने सुरू केलेल्या औषधांच्या चिठ्ठ्यांपैकी २८ टक्के चिठ्ठ्यांवरचं औषध दुकानातून कुणी उचललंच नव्हतं. गोळी विसरणं ही त्यानंतरची पायरी. इथे गोळी घरीच आली नव्हती.

हे मोजायचं कसं, हाच पहिला पेच. विचारलं तर लोक "घेतो" म्हणतात. पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, तर काही जण तपासणीला येण्याआधी जास्तीच्या गोळ्या टाकून देतात. डबीच्या झाकणात चिप बसवून ते कधी उघडलं याची नोंद ठेवता येते, आणि अशा झाकणांनीच एक मजेशीर गोष्ट उघड केली. १९९० सालच्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या भेटीआधीच्या पाच दिवसांत ८८ टक्के डोस घेतले गेले होते, भेटीनंतरच्या पाच दिवसांत ८६ टक्के, आणि महिन्याभराने ६७ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला हे नव्याने सांगायला नको. मात्र यामुळे तपासणीच्या दिवशीचा आकडाही थोडा फसवा ठरतो.

सर्वांत बोलका प्रकार दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेमध्ये घडला. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी रोज घ्यायच्या औषधाची तिथे पाच हजारांवर स्त्रियांमध्ये चाचणी झाली. व्हॉइस हे तिचं नाव. औषधाचा काहीच उपयोग दिसला नाही. सहभागी स्त्रियांच्या सांगण्यानुसार सुमारे ९० टक्के डोस घेतले गेले होते. परत आलेल्या गोळ्यांचा हिशोबही साधारण तेच सांगत होता. मग साठवलेलं रक्त तपासलं, तर जेमतेम ३० टक्के नमुन्यांत औषध सापडलं. याच औषधाने केनिया आणि युगांडातल्या दुसऱ्या चाचणीत लागणीचं प्रमाण ७५ टक्क्यांनी खाली आणलं होतं, आणि तिथे बहुतेकांच्या रक्तात औषध होतं.

या स्त्रियांना खोटारड्या ठरवून मोकळं होऊ नये. एचआयव्हीच्या गोळ्यांची डबी घरात दिसली तर शेजारीपाजारी काय म्हणतील, नवरा काय समजेल, निरोगी माणसाने रोज औषध का घ्यायचं, ही त्यांची खरी ओझी होती. प्रश्न विचारणाऱ्याला बरं वाटेल असं उत्तर देणं, हे माणसाच्या स्वभावातलं सौजन्य आहे. औषधशास्त्राच्या दृष्टीने ते महागात पडतं, एवढंच.

गळका हौद

गोळी चुकली की शरीरात काय होतं? रक्त म्हणजे तळाला भोक असलेला हौद समजा. रोज सकाळी एक बादली ओतायची. दिवसभर तळातून पाणी गळत राहतं. काही दिवसांनी ओतणं आणि गळणं यांचा मेळ बसतो आणि पातळी स्थिरावते. औषधाची पातळी निम्म्यावर यायला जेवढा वेळ लागतो त्याला अर्धायुकाल म्हणतात, आणि साधारण पाच अर्धायुकाल गेले की पातळी स्थिर होते.

सगळ्या हौदांचं भोक मात्र सारखं नसतं. थायरॉइडच्या नेहमीच्या गोळीचा, म्हणजे लिव्होथायरॉक्सिनचा, अर्धायुकाल सुमारे सात दिवस आहे. एखाद्या दिवशी ती राहिली तर शरीराला पत्ताही लागत नाही. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या औषधाचा ३० ते ५० तास, म्हणजे तेही बऱ्यापैकी समजूतदार. याउलट प्रोप्रॅनोलॉल या बीपीच्याच दुसऱ्या औषधाचा अर्धायुकाल काही तासांचाच, त्यामुळे साध्या गोळीचे दोन डोस हुकले की हौद जवळपास कोरडा. 'एक दिवस नाही घेतली तर काय होतंय' या प्रश्नाचं खरं उत्तर 'कुठली गोळी?' हा उलट प्रश्न आहे, आणि तो दुकानातल्या फार्मासिस्टलाही विचारता येतो. लोक सहसा विचारत नाहीत.

काही औषधांच्या बाबतीत पातळी घसरण्यापेक्षा अचानक थांबणं जास्त घातक. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणाऱ्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम जवळजवळ विसरलेल्या असतात. गोळी एकदम बंद केली तर शरीरात कॉर्टिसॉल या त्याच ग्रंथींतून येणाऱ्या आवश्यक संप्रेरकाचा दुष्काळ पडतो. क्लोनिडिन हे बीपीचं औषध झटकन सोडलं तर बीपी आधीपेक्षाही वर उसळू शकतं. हृदयविकाराच्या रुग्णाने बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आणि ताण कमी करणारं औषध) एका रात्रीत सोडला तर छातीत दुखणं उलटून येऊ शकतं. फिटच्या औषधांचंही तसंच. ही औषधं बंद करायचीच असतील तर डॉक्टरांच्या नजरेखाली, पायरीपायरीने उतरवत न्यावी लागतात.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटची गोष्ट तर जिवावरची. औषध लावलेला स्टेंट बसवला की रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला आणखी एक गोळी देतात. हार्ट अ‍ॅटॅकनंतर असा स्टेंट बसवलेल्या ५०० अमेरिकी रुग्णांची पाहणी २००६ मध्ये छापून आली. दर सातांतल्या जवळपास एकाने ही दुसरी गोळी महिन्याभरातच थांबवली होती. पुढच्या अकरा महिन्यांत थांबवणाऱ्यांपैकी ७.५ टक्के दगावले, चालू ठेवणाऱ्यांपैकी ०.७ टक्के. दहापटीचा फरक! हा आकडा लक्षात ठेवा, कारण थोड्या वेळाने मी त्याच्यावरच शंका घेणार आहे.

क्षयरोगात सल्ला मोडण्याची किंमत इतरांनाही मोजावी लागते. साध्या क्षयाच्या नेहमीच्या उपचारात सहा महिने औषधं चालतात, त्यातले पहिले दोन महिने चार औषधं एकत्र. गंमत अशी की खोकला आणि ताप काही आठवड्यांतच ओसरतात, भूक परत येते, वजन भरतं. शरीर "झालं बरं" म्हणतं, पण फुप्फुसात काही जंतू जवळजवळ निद्रिस्त अवस्थेत शिल्लक असतात आणि उरलेले महिने खर्ची पडतात ते त्यांच्यासाठी. मधूनमधून औषध घेतलं की मरतात ते दुबळे जंतू. चिवट उरतात, वाढतात आणि खोकल्यावाटे दुसऱ्याकडे जातात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासमध्ये झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवलं की सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरीच औषधं दिली तरी क्षय तितकाच बरा होतो. त्याबरोबर पुढचा प्रश्नही तिथेच उभा राहिला: घरी गेल्यावर औषध खरंच घेतलं जातंय का? लघवीची तपासणी, न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजणं, आणि अखेर आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळणं, ही सगळी वाट तिथून निघाली.

आणि एक रोजचं उदाहरण. गर्भनिरोधक गोळी अगदी चोख घेतली तर वर्षभरात हजारांत तीन स्त्रियांना दिवस जातात. प्रत्यक्ष आयुष्यात, विसरत-आठवत घेतली तर शंभरांत सुमारे सात. गोळी तीच. तांबी एकदा बसवली की रोज काही आठवायचं नसतं, म्हणून तिच्या बाबतीत हे दोन आकडे जवळजवळ एकच असतात.

आता ती गाठ

अमेरिकेत १९६० आणि ७० च्या दशकांत कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची मोठी चाचणी झाली. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या पुरुषांपैकी काहींना क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉलचं औषध दिलं, काहींना हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. पाच वर्षांनी दोन्ही गटांतले साधारण वीस टक्के पुरुष मरण पावले होते. औषध निरुपयोगी, खेळ खलास.

मग कुणीतरी म्हणालं, थांबा, सगळ्यांनी कुठे नीट घेतलं होतं? म्हणून क्लोफायब्रेटच्या गटातले नियमित आणि अनियमित वेगळे काढले. ज्यांनी ८० टक्के किंवा अधिक डोस घेतले त्यांच्यातला मृत्युदर १५ टक्के, कमी घेणाऱ्यांचा २४.६ टक्के. म्हणजे औषध काम करतं, लोक घेत नाहीत! इथे थांबले असते तर क्लोफायब्रेटचा जयजयकार झाला असता.

संशोधकांनी मात्र हेच गणित प्लासिबोच्या गटातही मांडलं. खोटी गोळी नियमित घेणाऱ्यांत मृत्युदर १५.१ टक्के, अनियमित घेणाऱ्यांत २८.३ टक्के.

ही ओळ पुन्हा वाचावी अशी आहे. गोळीत औषधच नव्हतं, तरी ती न चुकता घेणारे जास्त जगले. १९८० साली हे प्रसिद्ध झालं तेव्हापासून वैद्यकीय आकडेवारी शिकवणाऱ्या वर्गांत हे उदाहरण फिरतंय, आणि तरीही दर वर्षी कुठे ना कुठे "औषध नियमित घेणाऱ्यांत मृत्यू निम्मे" असा मथळा झळकतोच.

असं का व्हावं? जो माणूस रोज आठवणीने गोळी घेतो तो बहुधा वेळेवर झोपतो, सिगारेट सोडतो, पथ्य सांभाळतो, पायाला जखम झाली तर दाखवायला जातो. त्याच्या घरी आठवण करून देणारं कुणीतरी असतं, औषधाला पैसे असतात, मन बऱ्यापैकी थाऱ्यावर असतं. उलट बाजूने पाहिलं तर जो आतून खचत चाललाय, ज्याला नैराश्याने घेरलंय, ज्याला मळमळीमुळे काही गिळवत नाही, त्याची गोळी आधी चुकते. गोळी चुकली म्हणून तो आजारी पडला, की आजार वाढत होता म्हणून गोळी चुकली? नियमितपणा हा कधी औषधाचा वाहक असतो, तर कधी त्या माणसाच्या एकंदर तब्येतीचं आणि परिस्थितीचं लक्षण.

कॅनडातल्या संशोधकांनी याची फार कल्पक परीक्षा घेतली. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी नियमित घेणारे आणि न घेणारे यांची त्यांनी तुलना केली, पण हृदयविकारासाठी नाही, तर मोटार अपघातांसाठी. नियमित घेणाऱ्यांचे अपघात कमी निघाले. कामाच्या ठिकाणचे अपघातही कमी. आता स्टॅटिन घेतल्याने कुणी ब्रेक वेळेवर दाबत नाही. गोळी वेळेवर घेणारा गाडीही सांभाळून चालवतो, इतकाच त्याचा अर्थ.

२००६ साली अशा २१ अभ्यासांची मोट बांधली गेली; त्यांत सुमारे ४७ हजार माणसं होती. सल्ला नीट पाळणाऱ्यांत मृत्यूची शक्यता जवळजवळ निम्मी होती, आणि प्लासिबो नीट घेणाऱ्यांतही जवळजवळ निम्मीच. त्याच कागदावर आणखी एक ओळ होती. जी औषधं पुढे अपायकारक ठरली त्यांच्या चाचण्यांत चित्र उलटं होतं: तिथे नीट घेणारेच जास्त मेले, जवळजवळ तिप्पट. म्हणजे शिस्तीच्या माणसालाही वाईट औषध मारतंच, आणि गोळी आपलं काम करते, चांगलं किंवा वाईट. फायद्याचा सगळा आकडा तिच्या खात्यावर टाकता येत नाही.

आता त्या स्टेंटकडे वळू. ७.५ विरुद्ध ०.७ यात सगळं श्रेय गोळीला द्यायचं का? नाही. गोळी थांबवणारे वयाने मोठे होते, शिक्षणाने मागे होते, खर्चापायी उपचार टाळण्याची वेळ त्यांच्यावर अधिक येत होती. त्यांची पाटी आधीपासूनच जड होती. पण गोळीशिवाय स्टेंटमध्ये गुठळी होते हे इतर अनेक मार्गांनी सिद्ध आहे, म्हणून गोळीचा वाटा खरा आहे, आणि मोठाही. नेमका किती, हे या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

ही गाठ सोडवायचा प्रामाणिक मार्ग एकच: माणसांनी स्वतः निवडलेला नियमितपणा बघायचा नाही. चिठ्ठी टाकून काहींना औषध घेणं सोपं करून द्यायचं, बाकीच्यांना नेहमीसारखं राहू द्यायचं, आणि शेवटी कोण किती सुखरूप आहे ते मोजायचं. युरोपातल्या सेक्युअर नावाच्या चाचणीने २०२२ मध्ये हेच दाखवलं. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार ज्येष्ठांपैकी निम्म्यांना तीन औषधं एकाच गोळीत मिळाली, निम्म्यांना नेहमीप्रमाणे वेगवेगळी. एक गोळीवाल्यांत औषधं चोख घेणारे जास्त निघाले. हृदयविकाराने मृत्यू, नवा अ‍ॅटॅक, पक्षाघात किंवा तातडीने वाहिनी उघडावी लागणं, यांपैकी काहीतरी सुमारे तीन वर्षांत त्यांच्यातल्या ९.५ टक्के लोकांना झालं. दुसऱ्या गटात १२.७ टक्के.

निम्मे मृत्यू वाचले असा गाजावाजा इथे नाही. शंभरांत तीन जणांवरचं असं एखादं संकट टळलं. मला हा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो, आणि लहानही वाटत नाही. एक कोडं मात्र राहिलंच: दोन्ही गटांचं बीपी आणि कोलेस्टेरॉल यांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. मग फायदा नेमका कुठून आला, यावर अजून वाद चालू आहे.

अमेरिकेत हार्ट अ‍ॅटॅकनंतरची औषधं काही रुग्णांना फुकट देऊन पाहिली गेली (२०११). नियमितपणा फक्त चार ते सहा टक्क्यांनी वाढला. चाचणीचं यश मोजायला आधी ठरवलेल्या मुख्य निकषात ठोस फरक दिसला नाही, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना कमी झाल्या. पैशाची अडचण खरी आहे, ती एकटी नाही.

समजावून सांगितलं की झालं?

डॉक्टरमंडळींचा आवडता उपाय म्हणजे समजावणं. कॅनडातल्या हॅमिल्टन गावच्या पोलाद कारखान्यात १९७५ साली त्याची परीक्षा झाली. बीपी असलेल्या २३० कामगारांपैकी काहींना बीपीची साग्रसंगीत शिकवणी दिली. त्यांना आजाराची माहिती झकास झाली. गोळ्या घेण्यात फरक शून्य. आठवण करून देणाऱ्या साधनांची गतही फार वेगळी नाही. पन्नास हजारांहून जास्त लोकांना खणांची डबी, टायमर लावलेलं झाकण वगैरे पाठवून पाहिलं (२०१७); काही न पाठवलेल्यांपेक्षा ते सरस ठरले नाहीत.

विसरणं हे एक कारण, पण पुष्कळ माणसं विसरत नाहीत, ती ठरवून सोडतात. ब्रिटिश संशोधक रॉब हॉर्न यांची मांडणी मला पटते: प्रत्येकाच्या मनात एक तराजू असतो. एका पारड्यात 'मला याची गरज किती', दुसऱ्यात 'याने मला काही होईल का' ही धास्ती. बीपीला पहिलं पारडं हलकंच असतं, कारण दुखत काही नाही. दुसरं पारडं मात्र शेजाऱ्याच्या एका वाक्याने जड होतं: "एकदा चालू केली की जन्मभर सुटत नाही बघ." डॉक्टरांसमोर हा तराजू कुणी काढत नाही. डॉक्टर माहिती देतात, माणूस मान हलवतो, आणि घरी जाऊन पुन्हा वजन करतो.

धास्तीही पोकळ नसते. अंग खरोखर दुखतं. सॅमसन या चाचणीत दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चारांत स्टॅटिन, चारांत प्लासिबो, चार रिकाम्या. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, प्लासिबोच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. त्रास होता, पण त्यातला ९० टक्के गोळी घेतोय या जाणिवेचाच. स्वतःचे आकडे स्वतः पाहिल्यावर निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. कुणी त्यांना "मनाचे खेळ आहेत" म्हणून उडवून लावलं असतं तर एकानेही केली नसती, अशी माझी पैज आहे.

काही वेळा माणूस सल्ला मनापासून पाळत असतो आणि तरीही औषध पोचत नाही. दम्याचा पंप हे त्याचं ठळक उदाहरण. दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ चुकला तर फवारा घशातच बसतो. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांच्या एका आढाव्यात (२०१६) तंत्र बरोबर असलेले रुग्ण फक्त ३१ टक्के निघाले. इथे ऐकत नसल्याचा ठपका ठेवण्यापेक्षा "पंप घेऊन दाखवा बरं" एवढं म्हणणं पुरतं.

फरक पडतो तो ओझं कमी केल्याने. दिवसातून एकदा घ्यायचं औषध असेल तर सरासरी ७९ टक्के डोस घेतले जातात, चारदा असेल तर ५१ टक्के. आणि फरक पडतो ओळखीच्या माणसाने. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या बीपीसाठी थेट केशकर्तनालयांत फार्मासिस्ट नेमले गेले (२०१८). नेहमीचा न्हावी विषय काढायचा, फार्मासिस्ट तिथेच बीपी मोजून औषध ठरवायचा. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना न्हाव्याने फक्त डॉक्टरकडे जा म्हणून सुचवलं त्यांचा ९ अंकांनी.

सल्लाच चुकला तर?

हा भाग टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं तान्ह्या बाळाला पालथं झोपवा असा सल्ला पाश्चात्त्य देशांत तज्ज्ञच देत होते. आज्ञाधारक आईबापांनी तो पाळला. पालथं झोपण्याने झोपेतच बाळ दगावण्याचा धोका वाढतो हे पुढे स्पष्ट झालं. ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला 'उताणं झोपवा' अशी मोहीम निघाली, आणि असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. अँटिबायोटिकच्या 'कोर्स पुरा करा' या मंत्राचंही पुनर्वाचन चालू आहे. न्यूमोनियासारख्या काही संसर्गांत पूर्वीच्या सात-दहा दिवसांऐवजी पाच दिवस पुरतात असं आता दिसतं. मात्र दिवस किती, ते डॉक्टर ठरवणार; बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी आपण नव्हे.

म्हणूनच इंग्रजीत पूर्वी वापरला जाणारा कम्प्लायन्स, म्हणजे आज्ञापालन, हा शब्द मागे पडला आणि अ‍ॅडहिअरन्स आला. त्यात दोघांनी मिळून ठरवलेलं पाळणं अपेक्षित आहे. शब्द बदलला तरी बाहेर खोळंबलेली वीस माणसं तशीच असतात, हा भाग वेगळा.

तरी प्रश्न विचारण्याची तऱ्हा बदलायला वेळ लागत नाही. "रोज घेताय ना?" या प्रश्नातच उत्तर भरलेलं आहे, त्याला "हो" म्हणणं सोपं आणि "नाही" म्हणणं लाजिरवाणं. तोच प्रश्न असा येऊ शकतो:

"काका, एवढ्या गोळ्या म्हटल्यावर चुकतातच. गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली असेल?"

काका जरा विचार करतात.

"तीन-चार वेळा असेल. ती सकाळची घेतली की दिवसभर सारखं लघवीला जावं लागतं, डॉक्टर. मग बाहेर जायचं असलं की मी नाही घेत."

डॉक्टर पेन खाली ठेवतात. नवी गोळी लिहायची राहून जाते. आधीचीच कधी घ्यायची, बदलायची का, डोस कमी चालेल का, यावर बोलणं सुरू होतं.